जमैकाचा किनारा, निळे डोंगर आणि हातातला एक दिवस

जमैका बेट लहान. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 235 किलोमीटर, म्हणजे नकाशावर सगळंच जवळ दिसतं. न्यू जर्सी किंवा टोरांटोहून डिसेंबरच्या सुट्टीत इथल्या रिसॉर्टवर आलेली मराठी कुटुंबं चौथ्या-पाचव्या दिवशी समुद्राला थोडी कंटाळतात. मग कुणीतरी ब्लू माउंटन्सचं नाव काढतं, निवांत नाश्ता करून दहाला गाडी मागवली जाते आणि ‘डोंगर बघून संध्याकाळपर्यंत परत’ असं ठरतं. माँटेगो बे किंवा नेग्रिलहून निघालात तर हा बेत हमखास फसतो. दुपारी दोन-अडीचला तुम्ही डोंगरात पोचता, तेव्हा समोर फक्त पांढरं धुकं असतं, मुलांना गाडी लागलेली असते आणि चालक घड्याळाकडे बघत असतो.

तसं होऊ नये म्हणून दोन गोष्टी आधी मनाशी पक्क्या करा. कोणता डोंगर बघायचा हे तुम्ही कोणत्या किनाऱ्यावर उतरला आहात त्यावर ठरतं. आणि डोंगर सकाळचा असतो. बाकीची सगळी आखणी या दोन गोष्टींच्या पोटात येते.

आधी किनाऱ्याचं बघू. बहुतेक मोठे रिसॉर्ट उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर आहेत, तर निळे डोंगर बेटाच्या पूर्व टोकाकडे, किंग्स्टन शहराच्या डोक्यावर उभे आहेत. नेग्रिलहून तिथे जायला एका बाजूला साडेचार-पाच तास सहज लागतात, माँटेगो बेहून साडेतीन-चार. एवढा वेळ जाताना आणि तेवढाच येताना गाडीत बसायचं असेल तर ती सहल नव्हे. तुम्ही पश्चिमेला असाल तर एका दिवसात निळे डोंगर उरकायचा हट्ट सोडा. किंग्स्टनच्या बाजूला एक रात्र मुक्काम करा, नाहीतर जवळचे डोंगर बघा.

आणि जवळचे डोंगर काही कमी प्रतीचे नाहीत. माँटेगो बेच्या दक्षिणेला कॉकपिट कंट्री नावाचा चुनखडीचा प्रदेश आहे. लाखो वर्षांच्या पावसाने खडक विरघळून इथे गोल टेकड्या आणि त्यांच्यामध्ये खोल वाटोळे खळगे तयार झाले. पाणी जमिनीत मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. पश्चिम जमैकातल्या बऱ्याच नद्यांचा उगम याच भागात आहे. गुलामीतून पळालेल्या मरून लोकांनी याच खळग्यांच्या आधाराने इंग्रज फौजेला दमवलं आणि त्यांचा नायक कजो याच्याशी इंग्रजांना 1739 मध्ये तह करावा लागला. अकॉम्पाँग हे त्यांचं गाव आजही नांदतं आहे आणि दर 6 जानेवारीला तिथे मोठा उत्सव भरतो. माँटेगो बेहून तिथपर्यंत दोनेक तास धरा. गावात आधी कळवून जा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि पायवाट सोडून एक पाऊलही बाजूला टाकू नका. झुडपांखाली झाकलेल्या कपारी दिसत नाहीत. एक मात्र आठवणीने करा. ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसा हे चक्रीवादळ पश्चिम जमैकावर धडकलं आणि त्या भागाची फार हानी झाली. निघण्याआधी रस्ता कसा आहे, गाव पाहुण्यांना घ्यायच्या स्थितीत आहे का, हे विचारा. असेल तर जरूर जा, कारण अशा वेळी आलेल्या पाहुण्याचा पैसा थेट गावातल्या घरांत जातो.

तुमचा मुक्काम ओचो रिओसला असेल तर निळे डोंगर एका दिवसात नीट बघता येतात. हे पूर्वी इतकं सोपं नव्हतं. 2016 मध्ये उत्तर-दक्षिण टोल रस्ता पूर्ण झाला आणि ओचो रिओसजवळच्या मॅमी बेपासून किंग्स्टनच्या वेशीपर्यंतचं सुमारे 66 किलोमीटरचं अंतर तासाभराच्या आत आलं. जुना रस्ता वळणावळणाचा आणि ट्रकच्या मागे रखडवणारा. टोल वाचवायला चालक त्या रस्त्याने न्यायला निघाला, तर टोल तुम्ही भरा आणि नवा रस्ता धरायला सांगा. वाचलेला तासच डोंगरात वापरायचा आहे.

पोर्ट अँटोनियोला उतरणारे लोक थोडे, पण ते खरे भाग्यवान. डोंगर त्यांच्या पाठीशीच आहेत. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात मूर टाउन हे मरून लोकांचं दुसरं मोठं गाव आहे. जमैकाची राष्ट्रनायिका नॅनी हिच्या वारशाशी ते जोडलेलं आहे आणि तिचं चित्र इथल्या पाचशे डॉलरच्या नोटेवर आहे. मात्र किनाऱ्यावरच्या बफ बेहून वर डोंगरात चढणारा बी-1 रस्ता दरडींमुळे अनेकदा बंद असतो. नकाशाच्या ॲपवर तो उघडा दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. रस्ते बंद असल्याची सूचना तिथली राष्ट्रीय बांधकाम यंत्रणा, म्हणजे नॅशनल वर्क्स एजन्सी, देत असते. हॉटेलच्या स्वागतकक्षाला तिथे चौकशी करायला सांगा.

आता शिखराचा प्रश्न. ब्लू माउंटन पीक 2,256 मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. कळसूबाई केलेल्या मंडळींना हे आव्हान खुणावणारच. पण किनाऱ्यावरून सकाळी निघून शिखर करून संध्याकाळी परत येणं जमत नाही. मेव्हिस बँक गावाच्या पुढे रस्ता इतका खराब होतो की चारही चाकांना जोर असलेली जीपच लागते. पेनलाइन कॅसलजवळच्या व्हिटफील्ड हॉल या जुन्या घरात लोक मुक्काम करतात, मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास विजेरी घेऊन चालायला लागतात, साधारण दहा किलोमीटर चढतात आणि सूर्योदयाला माथ्यावर पोचतात. उतरताना गुडघ्यांचा कस लागतो तो वेगळाच. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून क्युबाचा किनारा दिसतो. हे करायचंच असेल तर त्यासाठी दोन दिवस काढा. एका दिवसाची सहल करणाऱ्यांसाठी न्यूकॅसलची छावणी आणि हॉलीवेलचं जंगल याच योग्य जागा आहेत आणि त्यात काही गमावल्याची हळहळ वाटायचं कारण नाही, कारण या डोंगरांचं खरं वैभव माथ्यावर नाही, मधल्या उंचीच्या ढगांच्या जंगलात आहे.

हे ढग समजून घेतले की वेळापत्रक आपोआप सुचतं. किंग्स्टन आणि आपलं महाबळेश्वर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, अठरा अंशांच्या आसपास. पण पाऊस उलट्या बाजूने येतो. सह्याद्रीवर नैर्ऋत्येचे वारे पाऊस आणतात. इथे वर्षभर ईशान्येचे व्यापारी वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात आणि डोंगराच्या उत्तर-पूर्व अंगावर रिकामे होतात. म्हणून पोर्ट अँटोनियोकडचा पोर्टलंड परगणा हिरवागार, भिजलेला, आणि पलीकडचं किंग्स्टन पर्जन्यछायेत. पहाटे कडे मोकळे असतात. ऊन तापलं की दमट हवा उतारावरून वर चढते आणि दहा-अकराच्या सुमारास धुकं खिंडींत भरायला लागतं. दुपारी बहुतेक वेळा काही दिसत नाही. पावसाचा जोर मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात असतो; जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात कोरडा, पण त्यातही सकाळच खात्रीची.

म्हणून ओचो रिओसहून पहाटे पाचला निघा. हे ऐकून घरात कुरकुर होईल, ती होऊ द्या. शाळा-कचेऱ्यांच्या दिवशी सातनंतर किंग्स्टनमध्ये वाहनांची दाटी होते आणि तिच्यात सापडलात तर सकाळ तिथेच संपते. रिसॉर्टच्या भटारखान्यात नाश्ता सातच्या आधी क्वचितच मिळतो. आदल्या दिवशी दुपारीच सांगून ठेवलंत तर सँडविच, उकडलेली अंडी, फळं असा डबा बांधून देतात. सर्वसमावेशक पैसे भरले असतील तर हा डबा तुमच्या हक्काचा आहे, मागायला संकोच नको.

शहराच्या पूर्व टोकाला, विद्यापीठाजवळ, पापीन नावाचा चौक आहे. तिथे पेट्रोल भरा, रोख पैसे काढा, पाणी घ्या. पुढे डोंगरात एटीएमचा भरवसा नाही आणि मोबाइलची रेंज वळणागणिक येते-जाते. इथून बी-1 रस्ता चढायला लागतो: आयरिश टाउन, मग न्यूकॅसल, मग हार्डवार गॅप ही खिंड आणि तिच्या पलीकडे लगेच हॉलीवेल. अंतर थोडं, पण तासभर तरी धरा. रस्ता वरंध किंवा आंबोलीच्या घाटासारखा आहे, फक्त त्याहून अरुंद. काही वळणांवर समोरून गाडी आली तर एकाला मागे यावं लागतं. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतातून आलेल्याला सोपं वाटेल, अमेरिकेत सवय झालेल्याला नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायची इथे पद्धत आहे, ती पाळा.

स्वतः गाडी चालवावी का? माझं मत, नको. ज्याच्या हाती सुकाणू असतं त्याला डोंगर दिसतच नाही, आणि परतताना थकलेल्या डोळ्यांनी हा घाट उतरणं धोक्याचं आहे. परवाना असलेल्या भाड्याच्या गाडीची नंबरपाटी लाल असते, ती पाहूनच गाडी ठरवा. चालकाला आधी विचारा की या आधी हॉलीवेलपर्यंत गेला आहे का. पूर्ण दिवसाचं भाडं, थांबण्याचा वेळ, टोल आणि चलन (अमेरिकी डॉलर की जमैकन) हे सगळं निघण्यापूर्वी बोलून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. रिसॉर्टच्या टेबलावर विकली जाणारी सहल घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: डोंगरात प्रत्यक्ष किती तास? वाटेत धबधबा, दुकानं, जेवण आणि आणखी दोन हॉटेलांतली माणसं गोळा करणं असं त्यात भरलेलं असेल तर उत्तर दोन तासांच्या आत येतं. अशी सहल घेऊ नका.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, घाट सुरू झाल्यावर नव्हे. आदल्या रात्रीची रम हे इथलं मळमळीचं मोठं कारण आहे, तेवढा एक दिवस ती टाळावी.

न्यूकॅसलला साधारण बाराशे मीटरवर रस्ता चक्क लष्कराच्या कवायतीच्या मैदानातून जातो. ही छावणी 1841 मधली. त्या काळी मैदानी भागातल्या छावण्यांमध्ये इंग्रज सैनिक पिवळ्या तापाने धडाधड मरत होते. जनरल विल्यम गॉम यांनी वरिष्ठांच्या मागे लागून थंड हवेत छावणी वसवली आणि मृत्यू खरोखर कमी झाले. ताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला 1900 साल उजाडलं. त्याआधी साठ वर्षं या डोंगराने कारण माहीत नसताना माणसं वाचवली. भिंतीवर इथे राहून गेलेल्या पलटणींची मानचिन्हं आहेत. जमैकाच्या सैन्याचं प्रशिक्षण अजूनही इथे चालतं, तेव्हा कवायत चालू असेल तर थांबा आणि फोटो विचारून काढा. ज्येष्ठांना चालणं जमत नसेल तर त्यांच्यासाठी हीच जागा उत्तम आहे. खाली किंग्स्टन, बंदर आणि समुद्र एका नजरेत दिसतात आणि एक पायरीही चढावी लागत नाही.

हॉलीवेल हे ब्लू अँड जॉन क्रो माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातलं फिरण्याचं ठिकाण. 2015 मध्ये हे उद्यान जागतिक वारसा यादीत गेलं. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांनी ही नोंद झाली, कारण पळालेल्या गुलामांना या जंगलाने आसरा दिला. ठिकाण उघडं आहे का आणि प्रवेशशुल्क किती, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. इथल्या पायवाटांपैकी ओटली माउंटन ही फेरी माझ्या मते पुरेशी आहे; सावकाश चालून, थांबत थांबत, दीड तास. झाडांइतके उंच नेचे, फांद्यांवर शेवाळाचे जाड थर, त्यात रुजलेली ऑर्किड. पानांमधून भुर्रर्र असा आवाज आला तर हलू नका. तो जमैकाचा राष्ट्रीय पक्षी, डॉक्टर बर्ड. नराच्या शेपटीची दोन पिसं त्याच्या अंगापेक्षा लांब असतात आणि उडताना तीच वाजतात. पायवाटेच्या कडेला सोनटक्का दिसेल, तोच आपल्या परसातला. वासाने मन हरखेल, पण इथे हा बाहेरून आलेला आक्रमक पाहुणा आहे. त्याची दाट वाढ स्थानिक रोपांना उजेड मिळू देत नाही. त्याचे कंद किंवा बी बुटाला लागून पुढे जाऊ नये म्हणून वाट सोडू नका. सापाची भीती मात्र बाळगू नका. माणसाला धोका होईल असा विषारी साप जमैकात नाही.

कॉफीच्या मळ्यासाठी परतीचा वेळ राखून ठेवा, कारण तेव्हा धुकं आलेलं असतं आणि मळा धुक्यातही छान दिसतो. कॉफी या बेटावर 1728 मध्ये माजी गव्हर्नर निकोलस लॉज यांनी आणली. ब्लू माउंटन हे नाव कायद्याने ठरावीक परगण्यांतल्या आणि ठरावीक उंचीवरच्या कॉफीलाच लावता येतं, आणि तिचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं जपानला जात आला आहे. ती पोत्यांऐवजी लाकडी पिंपांत भरून पाठवायची जुनी रीत आजही आहे. आयरिश टाउनच्या आसपास मळे दाखवणारी ठिकाणं आहेत. फळ तोडण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं दाखवतात आणि शेवटी कप हातात देतात. आधी फोन करून वेळ ठरवा. खरेदी करताना पाकिटावरची अक्षरं नीट वाचा. ‘ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर त्यात ब्लू माउंटन थोडीच असू शकते. ‘हाय माउंटन’ ही वेगळी, कमी उंचीवरची आणि स्वस्त कॉफी. शंभर टक्के ब्लू माउंटन असं लिहिलेलं आणि भाजल्याची तारीख असलेलंच पाकीट घ्या, दळलेली न घेता अख्खे दाणे घ्या. महाग वाटेल. पण उभ्या उतारावर एकेक पिकलेलं फळ हाताने खुडणाऱ्या माणसाची मजुरी त्या किमतीत आहे, आणि मळ्यावर किंवा छोट्या शेतकऱ्याकडून घेतलंत तर ती त्याच्यापर्यंत पोचायची शक्यता विमानतळावरच्या दुकानापेक्षा जास्त.

शाकाहारी मंडळी कॅरिबियनला जायचं म्हटलं की थेपले-चिवड्याची पिशवी भरतात. थोडा कोरडा खाऊ असावाच, पण जमैकात उपाशी राहायची वेळ येत नाही. रास्ताफारी पंथाचे लोक ‘आयटल’ नावाचं जेवण जेवतात: मांस नाही, बहुधा मीठही नाही किंवा अगदी कमी, भाज्या, कडधान्यं आणि नारळाचं दूध. किंग्स्टनमध्ये आयटल जेवणाच्या जागा आहेत. कॅलालू ही पालेभाजी खाऊन बघा. ती आपल्या माठाच्याच कुळातली, आणि परतलेल्या माठाची आठवण येईलच. ‘राइस अँड पीज’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात. त्यात मांसाचा तुकडा घातला नाही ना, ते विचारा. स्कॉच बॉनेट मिरची कोल्हापूरकरांनीही जपून खावी. ॲकी हे राष्ट्रीय फळ झाडावर टांगलेलं दिसेल. कच्चं फळ विषारी असतं, म्हणून ते स्वतः तोडून खाऊ नका, हॉटेलातलंच खा. आणि मेन्यूवर रोटी आणि करी बघून चकित होऊ नका. 10 मे 1845 रोजी ‘ब्लंडेल हंटर’ जहाज भारतीय वेठमजुरांना घेऊन ओल्ड हार्बरला लागलं, तेव्हापासून हे जेवण या बेटाचं झालं आहे.

कपड्यांची चूक सगळेच करतात. किनाऱ्यावर तीस अंश असतं तेव्हा हॉलीवेलला वीसच्या आसपास, आणि भिजून वारा लागला की त्याहून खूप कमी वाटतं. लांब पँट, पातळ स्वेटर, पावसाचं जाकीट आणि पकड असलेले बंद बूट घ्या. चपला घालून ओल्या मुळांवर चालणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं. मोज्यांचा एक जादा जोड प्रत्येकाकडे असू द्या. गरज पडली तर पोलिसांचा क्रमांक 119 आणि रुग्णवाहिकेचा 110. मोठं रुग्णालय किंग्स्टनच्या मोना भागात, पापीनच्या जवळच आहे.

एक-दीडच्या सुमारास खाली उतरायला लागा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि उष्ण कटिबंधात काळोख झपाट्याने होतो, तोवर तुम्ही टोल रस्ता संपवून किनाऱ्यावर असायला हवं. किंग्स्टनमध्ये तासभर हाताशी उरला तर क्रिकेटवेड्यांनी सबायना पार्क मैदानाबाहेर थांबावं. फेब्रुवारी 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघातल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी याच मैदानावर 212 धावा केल्या.

राहिला दिवस कोणता निवडायचा. तुमच्यापैकी कुणी स्कूबा डायव्हिंग करणार असेल तर ही गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पाण्याखालून आल्यावर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्या आधी उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन गंभीर इजा होऊ शकते. डायव्हिंगनंतर थांबायचा नियम फक्त विमानाला लागू आहे असं लोक समजतात; न्यूकॅसलच्या उंचीलाही तो लागू आहे. डायव्हिंगनंतर पूर्ण एक दिवस मध्ये ठेवा, किंवा सरळ डोंगर आधी आणि डायव्हिंग नंतर करा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीही जाऊ नका, दरड कोसळून रस्ता अडला तर अडकून पडाल. आल्यावर दुसरा किंवा तिसरा दिवस धरा. त्या पहाटे पाऊस असेल तर चालकाला फोन करून बेत एका दिवसाने पुढे ढकला. भाडं ठरवताना ही सवलत आधीच बोलून ठेवलेली असावी.